झीरो एरर

गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका पहाटे बाबा कुशीवर वळले आणि घर फिरायला लागलं. "कुणीतरी खोलीच लेथला लावल्यासारखी," असं ते नंतर येईल-जाईल त्याला सांगत होते. पंखा, खिडकी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एकाच दिशेने गरगरत निघालं. पलंगाची कड घट्ट धरून ते बसून राहिले. अर्ध्या मिनिटात थांबलं. मान हलली की पुन्हा सुरू. आई म्हणाली पित्त. शेजारच्या काकू म्हणाल्या मणका. मी मनातल्या मनात त्याहून वाईट काहीतरी म्हणाले आणि गाडी काढली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी फार काही विचारलं नाही. बाबांना टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि तशीच धरून झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली जरासं लोंबेल असं. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसल्या. दोन-चार सेकंद काहीच नाही. आणि मग बाबांची बुबुळं नाचायला लागली, हळूच एका बाजूला सरकायची आणि झटक्यात परत यायची. मला बघवेना. बाई मात्र खूश दिसल्या. "कानातले खडे सरकलेत," म्हणाल्या. मग त्यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवलं, प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबवलं, शेवटी उठवून बसवलं. एवढंच. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी शोधलेली ही युक्ती आहे. औषध नाही, सुई नाही.

परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. सारसबागेपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "म्हणजे गेजचा झीरो हलला होता."

हे वाक्य समजायला बाबा माहीत हवेत. त्यांनी एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत काढली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेज, ही मापं घ्यायची साधनं म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या वस्तू. व्हर्नियरचे जबडे बंद केले की शून्य दिसायला हवं, पण वापरून झिजलेल्या व्हर्नियरला ते नेमकं जमत नाही. जेवढं चुकतं तो त्याचा झीरो एरर. तो आधी टिपून ठेवायचा आणि प्रत्येक मापातून वजा करायचा. चुकीचं माप दाखवणाऱ्या व्हर्नियरचा त्यांना कधी राग आला नाही. राग यायचा तो एखादा व्हर्नियर सकाळी एक आणि दुपारी दुसरीच चूक करायला लागला की. तो लाल कागद चिकटवून कपाटात.

आणि मी इन्स्ट्रुमेंटेशनची. प्रवेश घेतला तेव्हा ही नक्की कसली इंजिनिअर होणार ते नातेवाइकांत कुणालाच कळलं नाही. एका मामांचा तर कितीतरी वर्षं समज होता की मी वाद्यं दुरुस्त करते. माझी नोकरी संवेदक, म्हणजे सेन्सर, तपासण्याची; खरं तर बाबांचीच. फरक इतकाच की त्यांची गेजं हातात मावायची, माझी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असतात.

त्या रात्री मी जुनी पुस्तकं काढून कान पुन्हा वाचला. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, एकमेकींशी काटकोनात, द्रवाने भरलेल्या. डोकं वळलं की नळी वळते, द्रव जडत्वाने मागे रेंगाळतो आणि त्याच्या रेट्याने एक नाजूक पडदा वाकतो. मेंदूला कळतं, गिरकी घेतली. नळ्यांच्या पायथ्याशी दोन पिशव्या असतात. त्यांच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण पसरलेले असतात, म्हणजे शहाबादी फरशीत असतं तेच. डोकं कललं किंवा गाडी सुटली की हे कण सरकतात. मेंदूला कळतं, कललो, किंवा ढकललो गेलो. नळ्या गिरकी सांगतात, पिशव्या कल सांगतात. वय झालं, डोक्याला मार बसला, किंवा कधी काहीच कारण नसताना थोडे कण सुटतात आणि नको त्या नळीत जाऊन पडतात. मग डोकं थांबलं तरी कण घरंगळत राहतात, द्रवाला ओढत राहतात, आणि ती नळी प्रामाणिकपणे कळवत राहते, फिरतोय, फिरतोय. मेंदू तिचं ऐकून डोळे उलटे फिरवतो. म्हणून खोली गरगरते.

तीन गिरकीचे, दोन कलाचे. ही यादी मी रोज बघते. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हीच मंडळी बसलेली आहेत.

त्यातला पहिला म्हणजे गवंड्याचा ओळंबा. पाठ्यपुस्तकात त्याला त्वरणमापी म्हणतात, पण मला ओळंबाच आवडतो. सिलिकॉनच्या तुकड्यात कोरून काढलेलं एक सूक्ष्म वजन, सिलिकॉनच्याच पातळ पट्ट्यांवर तोललेलं. त्याला कंगव्यासारखे दात. समोर दुसरा कंगवा, पण पक्का बसवलेला. वजन जरा सरकलं की दातांमधली फट बदलते, फट बदलली की विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, बदलते, आणि चिप ती मोजते. ही फट एक-दोन मायक्रॉनची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाएवढी. सरकणं त्याहूनही कितीतरी कमी. फोन टेबलावर निवांत पडलेला असतानाही हा ओळंबा ९.८ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा दाखवतो, कारण टेबल त्याला वर रेटून धरत असतं. फोन हातातून सुटला तर खाली आपटेपर्यंत तो शून्य दाखवतो. पडणाऱ्याला वजन नसतं, हे तो आइन्स्टाइन न वाचता सांगतो.

पण ओळंब्याची एक खोड आहे, आणि ती सुधारण्यासारखी नाही. एसटीत छताला ओळंबा टांगा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की तो पुढे झुकेल. आत डोळे मिटून बसलेल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, गाडी उताराला लागली. ब्रेक आणि उतार यांतला फरक ओळंब्याला कळत नाही. कळणं शक्यच नाही, कारण त्याच्यापर्यंत दोन्ही एकाच रूपात पोचतात. शिवाय तो फार चळवळ्या. खड्डा आला, हात थरथरला, सगळं बोलून दाखवणार.

म्हणून शेजारी भोवरा बसवतात. फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, त्यावरून आपण किती वळलो ते कळतं. लेऑं फुको यांनी १८५२ साली अशा यंत्राला जायरोस्कोप हे नाव दिलं. फोनमधल्या भोवऱ्यात मात्र फिरणारं काहीच नसतं. तिथे एक इवलंसं वजन सेकंदाला हजारो वेळा पुढेमागे थरथरत ठेवलेलं असतं. फोन वळला की ते सरळ रेषेत थरथरायचं सोडून आडवं ढकललं जातं, आणि हे आडवं ढकलणं म्हणजे गिरकीचं माप. माणसाने हे अलीकडे केलं. घरातली माशी फार पूर्वीपासून करते आहे. तिच्या पंखांच्या मागे, दुसऱ्या पंखजोडीच्या जागी, टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक काड्या असतात. उडताना त्या फडफडत असतात आणि ती कुठे किती वळली ते तिला सांगतात. मारायला जावं आणि तिने हवेतल्या हवेत कोलांटी मारून निसटावं, त्यामागे या दोन काड्या असतात. तेव्हापासून मी माशा कमी मारते असं मात्र नाही.

भोवऱ्याची खोड ओळंब्याच्या नेमकी उलट. क्षणाचा हिशेब चोख, दिवसाचा नाही. तो सांगतो आत्ता किती वेगाने वळतोय, आणि एकूण किती वळलो हे त्या वेगांची बेरीज करून काढावं लागतं. त्याचा शून्य सेकंदाला अंशाच्या शंभराव्या भागाने जरी चुकलेला असला, तरी चूक बेरजेत साठत जाते आणि तासाभरात ३६ अंश होते. टेबलावर पडलेला फोन स्वतःला हळूहळू वळताना बघतो. बाबांची नळीही हेच सांगत होती, फक्त फार जोरात.

आता गंमत बघा. एक घाईत चुकतो, दुसरा सावकाश चुकतो. हौशी पोरं ड्रोन बनवतात त्यांच्या कोडमध्ये एक ओळ असते, बहुतेक सगळ्यांच्या असते. आत्ताच्या कलासाठी भोवऱ्याचं म्हणणं ०.९८ धरा, ओळंब्याचं ०.०२. दर क्षणी हेच. झटपट हालचालींत भोवऱ्याचं चालतं, कारण ओळंब्याचे दोन टक्के तेवढ्यात काही करू शकत नाहीत. पण भोवरा रेंगाळत एका बाजूला वाहायला लागला की तेच दोन टक्के, पुन्हा पुन्हा मिळून, त्याला ओढून जाग्यावर आणतात. कारण ओळंबा क्षणोक्षणी कितीही बडबडला तरी सरासरीने खाली म्हणजे खालीच दाखवतो. मी हे पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच हसले होते. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, यामागे इतका जुना, कुटुंबात असतो तसला समझोता असेल असं वाटलं नव्हतं.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि दोघंही एकदम चुकले तर?"

म्हणून तिसरा. होकायंत्र. आणि इथे मला आमच्या देवघराची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

तीनेक वर्षांपूर्वी घरात रंगकाम झालं तेव्हा आईला देवघर बरोबर पूर्वेला हवं होतं. बाबांनी फोनवर होकायंत्र उघडलं आणि जाहीर केलं की पूर्व संडासाकडे आहे. आई हादरली. एकवीस वर्षं त्या घरात सूर्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून उगवत होता. पण फोन म्हणतो म्हटल्यावर घरात दोन दिवस चिंतेचं वातावरण. मी गेले, बाबांच्या फोनचं कव्हर काढलं आणि पूर्व मुकाट्याने स्वयंपाकघरात परत आली. ते पाकिटासारखं मिटणारं कव्हर होतं, आणि मिटून राहावं म्हणून त्याच्या पट्टीत लोहचुंबक होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्लांच्या दरम्यान असतं, फारच क्षीण. दोन बोटांवर असलेलं चुंबक त्यापुढे बँडबाजा. कव्हर असो, लोखंडी कपाट असो की स्कूटर, होकायंत्र जवळच्याचं ऐकतं.

ही तक्रार जुनी आहे आणि एकदा ती आपल्याकडे फार गंभीरपणे घेतली गेली होती. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग शहरात घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक होते नानाभॉय मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. ट्रामच्या विजेने उपकरणं भलतंच दाखवायला लागतील हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ट्राम अडवली नाही, वेधशाळा हलवली. समुद्रापलीकडे अलिबागला नवी इमारत उभी राहिली, आणि तिच्या बांधकामात लोखंड नाही. नोंदी १९०४ साली सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ साली.

मला यातली सर्वांत आवडणारी गोष्ट मधल्या काळातली आहे. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. जवळपास दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन ठिकाणांतला फरक कळावा आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. लहानपणी आम्ही अलिबागला सहलीला जायचो तेव्हा या वेधशाळेवरूनच किनाऱ्याकडे जायचो. माझं सगळं लक्ष घोडागाडीकडे आणि बर्फाच्या गोळ्याकडे. बाबा एकदा तिच्या फाटकाशी थांबून पाटी वाचत होते आणि मी त्यांचा शर्ट ओढत होते, एवढं मात्र आठवतं. आता अलिबागची ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. नवीन गेज आलं की जुनं लगेच फेकायचं नसतं." आणि पुढे चहा प्यायला लागले.

फोनला अलिबागला जाता येत नाही. तो दुसरा मार्ग काढतो. होकायंत्र एकदम नव्वद अंश वळल्याचं सांगतं, पण भोवरा म्हणतो मी जागचा हललो नाही. मग फोन ओळखतो, कुणीतरी लोखंड जवळ आणलं, आणि थोडा वेळ होकायंत्राचं म्हणणं बाजूला ठेवतो. कधी कधी तो आपल्याला हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायला लावतो, तेही याचसाठी. सगळ्या दिशांना फिरवून बघितलं की स्वतःच्याच अंगातलं लोखंड किती आहे याचा त्याला अंदाज येतो. थोडक्यात, झीरो एरर.

बाबांचं चक्कर प्रकरण मिटल्यावर त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि चालणं म्हटल्यावर पावलं मोजणं आलं. त्यातून हवेच्या दाबाचं प्रकरण निघालं. त्यांच्या फोनमध्ये वायुभारमापी आहे. किती मजले चढलात तेही तो सांगतो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाबांनी पहिल्याच दिवशी परीक्षा घेतली. जिन्याने गेले, तीन मजले लागले. लिफ्टने गेले, शून्य. "फुकटचं मोजत नाही," म्हणाले, आणि फोनबद्दलचा त्यांचा आदर स्पष्टपणे वाढला.

लिफ्टमध्येही दाब तितकाच कमी होतो. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण साडेनऊशे हेक्टोपास्कल असतो, आणि एक मजला चढलं की तो जेमतेम एक तृतीयांश हेक्टोपास्कलने उतरतो. तीन हजारांत एक भाग. फोनला एवढं कळतं, हेच मला अजून नवल वाटतं. पण या हुशारीतच गोची आहे. हवेलाही भरती-ओहोटी असते. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला, दोन-तीन हेक्टोपास्कलनी. कुठलंही वादळ नको, रोजचंच. म्हणजे दाबाचंच ऐकायचं ठरवलं तर बाबा जेवून आडवे झाले आणि चारला चहासाठी उठले, तेवढ्यात सात-आठ मजले चढून गेले असा हिशेब होईल. फोन असं म्हणत नाही, कारण ओळंबा सांगतो की या काळात एकही पाऊल पडलेलं नाही. पाऊल हवं आणि दाबही उतरायला हवा, तर मजला. लिफ्टमध्ये दाब आहे पण पाऊल नाही. पार्किंगमध्ये येरझाऱ्या घातल्या तर पावलं आहेत पण दाब नाही.

पावलांचंही फार खरं धरू नये म्हणा. आईच्या मनगटावर भावाने पाठवलेला पट्टा आहे. ती पोळ्या लाटते तेव्हा त्यावर पावलं चढतात. लाटण्याची लय आणि चालण्याची लय इतकी जवळची आहे की ओळंबा फसतो. पाहुणे येणार असले की आई ओट्यापाशी उभ्या उभ्या मैलभर चालते. ती याला चूक मानायला तयार नाही. "दमते ना मी? मग?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

एका रविवारी बाबांनी आणखी एक प्रश्न काढला. "दोघं दोन सांगतायत. कुणाला किती मानायचं हे ठरवतो कोण?" मी कागद घेतला. समजा दोन मापं आहेत, दोन्ही थोडी चुकीची. एकाची चूक साधारण एक मिलिमीटरची, दुसऱ्याची दोन मिलिमीटरची. बाबा म्हणाले, दुसरं फेकून दे. शॉपफ्लोअरचं उत्तर. पण फेकायचं नसतं. चुकांच्या वर्गाच्या उलट प्रमाणात वजन द्यायचं, म्हणजे पहिल्याला चार भाग, दुसऱ्याला एक, आणि सरासरी काढायची. येणाऱ्या उत्तरातली चूक एक मिलिमीटरही राहत नाही, ०.९ च्या आसपास येते. वाईट गेजला हाताशी धरून चांगलं गेज आणखी चांगलं झालं. बाबांनी कागद स्वतःकडे ओढला, स्वतः गणित केलं, पुन्हा केलं. "एकतीस वर्षं मी ती गेजं कपाटात टाकत होतो," एवढंच बोलले.

हे वजनांचं गणित हलत्या गोष्टींसाठी, दर क्षणी नव्याने कसं करायचं ते १९६० साली रुडॉल्फ काल्मान यांनी मांडलं. बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले गणिती. आधी अंदाज बांधायचा, मग मोजमाप घ्यायचं, मग अंदाजावर किती आणि मोजमापावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवून दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभं राहायचं. आणि आपला विश्वास किती हेही सोबत लिहून ठेवायचं, पुढच्या वेळेसाठी. नासातल्या स्टॅन्ली श्मिट यांना त्यात चंद्राची वाट दिसली, आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनासाठी हेच गणित वापरलं गेलं. आज रिक्षावाल्याच्या फोनवरचा निळा ठिपका बोगद्यात शिरल्यावरही थोडा वेळ पुढे सरकत राहतो, त्यातही असंच गणित असतं.

फक्त एक अट आहे, आणि ती मी बाबांना ठळक अक्षरात लिहून दिली. चुका वेगवेगळ्या कारणांनी व्हायला हव्यात. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्या त्या विमानाला एक नव्हे, तीन होत्या. पण तिन्ही एकाच घडणीच्या, आणि वादळी ढगांत बर्फाने काही क्षण चोंदल्या त्याही एकदमच. मापं भरकटली, ऑटोपायलट सुटला, आणि पुढच्या गोंधळात वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. अपघाताला इतरही कारणं होती. पण तीन साक्षीदार एकाच घरचे असले तर ते तीन धरायचे नसतात, हे मला नोकरीत कुणी शिकवलं नसतं तरी त्या अहवालाने शिकवलं असतं. ओळंबा, भोवरा, होकायंत्र, वायुभार यांची मोट जमते ती त्यांच्या स्वभावांमुळे. एकाला ब्रेक फसवतो, दुसऱ्याला वेळ, तिसऱ्याला लोखंड, चौथ्याला दुपार. चौघांना एकाच वेळी फसवणारी गोष्ट सहसा घडत नाही.

सहसा. भावाला वाटलं बाबा पुन्हा चक्कर येऊन पडले तर? त्याने पडलेलं ओळखणारं घड्याळ पाठवलं. त्याची युक्ती चांगली आहे. आधी ओळंबा क्षणभर शून्याकडे जातो, मग जोरदार आदळणं, त्यात भोवऱ्याने सांगितलेलं मनगटाचं वळणं, आणि त्यानंतर हालचाल नाही. हे सगळं ओळीने घडलं तर माणूस पडला. नुसता टाळी वाजवणारा किंवा टेबलावर हात आपटणारा यात सापडत नाही, कारण तो पुढेही हलत असतो. मंगळवारी अंगारकी होती. बाबांनी नारळ डोक्याच्या वर नेला, जोरात खाली आणून उंबऱ्याशेजारच्या दगडावर फोडला, आणि डोळे मिटून, हात जोडून निश्चल उभे राहिले. घड्याळ थरथरलं. तुम्ही पडलात असं दिसतं, मदत बोलावू का? बाबांचं डोळे मिटून चालूच. त्यांनी कंप जाणवूनही दुर्लक्ष केलं, कारण अथर्वशीर्ष अर्ध्यावर सोडायचं नसतं. मिनिटभरात भावाचा फोन, त्याच्याकडे मध्यरात्र, आवाज पार गेलेला. आईने फोन घेतला आणि त्याला प्रसादाचं खोबरं ठेवलंय म्हणून सांगितलं.

घड्याळाचं काय चुकलं? काहीच नाही. ज्यांनी ते शिकवलं त्यांनी नारळ फोडून बघितला नव्हता, एवढंच. आता बाबा पूजेआधी ते काढून ठेवतात, आणि डायरीत तशी नोंद आहे.

डायरी मी अलीकडे पाहिली. तीन रकाने: मी, फोन, फरक. आम्ही रविवारी पर्वतीला जातो. पायऱ्या १०३, पण रुंद, त्यामुळे एका पायरीला कधी एक पाऊल पडतं कधी दोन. बाबा मोठ्याने मोजत चढतात, मध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर बोटाने थांबा म्हणून खुणावतात. फोनचा आकडा त्यांच्या आकड्याशी कधी जुळत नाही. तो नेहमी कमीच असतो, आणि जवळजवळ नेहमी तेवढाच कमी. फोनवर लाल कागद लागलेला नाही.

वर पोचल्यावर एक काम असतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. पाय जुळवून सरळ उभं राहायचं, हात अंगाशी, आणि डोळे मिटायचे. डोळे मिटले की शरीराचा तोल कान आणि तळपाय या दोघांवरच राहतो, आणि त्यातला कुणी कमी पडत असेल तर माणूस डुलायला लागतो. बाबा कठड्यापासून चार हात लांब, देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मी त्यांच्या मागे. माझा हात त्यांच्या पाठीशी वीतभर अंतरावर, न टेकता.

परवा त्यांनी तीसपर्यंत मोजलं.

"हललो?"

"थोडे. दोन्ही बाजूंना सारखेच."

"सारखं ना? मग ठीक आहे," म्हणाले आणि खिशातून डायरी काढली.